निवडलेली मेथी

मगदूमचं पत्र निळ्या आंतर्देशीय कागदावर होतं. अक्षर मोठं, पाटीवर गिरवल्यासारखं. सुरुवात अशी:

‘सर यांस साष्टांग नमस्कार. मी मुलीकडं नूलला आलो आहे. कवड्या कसा आहे? त्याच्या दाढा बघत जावा. हनुवटी ओली दिसली की समजायचं. जेवण कसं चालू आहे ते कळवा.’

खाली आणखी तीन ओळी होत्या. त्या मी तेव्हा दोनदा वाचल्या, पत्राची घडी घातली आणि एका जाड शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर दिलं नाही. ग्रंथपाल म्हणून माझी चौतीस वर्षं लोकांना कुठलं पुस्तक कुठं आहे हे सांगण्यात गेली. एखादी वस्तू कुणाला सापडू नये म्हणून कुठं ठेवावी, तेही मला चांगलं कळत होतं.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी सहासष्ट वर्षांचा होतो. आम्ही जयसिंगपुरात आठव्या गल्लीत राहायचो, आजही राहतो. माझी बायको मालिनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेत सशांचा एक पिंजरा होता आणि त्याची देखभाल प्रयोगशाळेचा शिपाई बापू मगदूम करायचा. सगळी शाळा त्याला मामा म्हणायची, मालिनीसुद्धा. पुढं पिंजरा बंद झाला तेव्हा तिनं एक पिल्लू घरी आणलं. पांढऱ्यावर करडे ठिपके, म्हणून मगदूमनं नाव ठेवलं कवड्या.

दोघंही निवृत्त झाले, पण मगदूम दर रविवारी सायकलवरून गवताची पेंढी घेऊन यायचाच. उसाच्या पात्यानं बांधलेली. मग व्हरांड्यात दोघांच्या गप्पा चालायच्या. कुठली मुलगी बेडूक बघून बेशुद्ध पडली होती, कुठल्या इन्स्पेक्टरच्या टोपीत सशानं लेंड्या टाकल्या होत्या. मालिनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेला असायचो. पान उलटत नसे. मी तिला असं कधी हसवलं होतं का, हे आठवायचा प्रयत्न करत असे.

त्या वर्षी आमच्या मेघनाला बंगळूरला दिवस गेले होते. डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको, पडून राहा असं सांगितलं. माहेरी येणं शक्य नव्हतं, म्हणून मालिनीच तीन महिन्यांसाठी तिकडे निघाली. जाताना तिनं कॅलेंडरमागं मगदूमचा नंबर लिहिला.

“काही झालं तर मामांना फोन करा.”

“मला जमेल ना,” मी म्हणालो.

“तुम्हाला जमेल हो. कवड्याला जमायला पाहिजे,” असं म्हणून ती हसली. ती खाली वाकून दिवाणाखाली बघत बोलत होती. कवड्या तिथं बसायचा. नऊ वर्षांचा झाला होता, एका डोळ्यात पांढुरका पडदा आलेला. तिनं त्याचे कान दोन्ही हातांनी मागं सारले आणि त्याच्याशी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. रिक्षात बसताना मला म्हणाली, “गॅस बघून झोपत जा.”

पहिल्या रविवारी मगदूम पेंढी घेऊन आला. सायकलची घंटी वाजताच कवड्या दिवाणाखालून बाहेर आला आणि मागच्या पायांवर उभा राहिला. इतके दिवस मी घरात होतो, माझ्यासाठी तो कधी उभा राहिला नव्हता.

“काय म्हणतंय आमचं म्हातारं?” मगदूमनं विचारलं.

“ठीक आहे. मगदूम, आता तुम्ही एवढ्या उन्हात येत जाऊ नका. मी बघतो त्याचं.”

“येण्याचं काय सर, सायकल आपोआप इकडंच वळती.”

“नको. खरंच नको. मी आणीन गवत.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पेंढी उंबऱ्यापाशी ठेवली. “बरं सर,” म्हणाला.

गवत मी आणलं नाही. गवतातून किडे येतात, घरभर काड्या होतात, हे एक. आणि दुसरं म्हणजे मला ते त्याचं वाटे. मी स्वतःचं काहीतरी करायचं ठरवलं. तेव्हा मला नुकतीच खालची कवळी बसली होती आणि कडक काही चावलं की हिरडीत कळ यायची. म्हाताऱ्या सशाचंही तसंच असणार, असा मी विचार केला. रोज सकाळी मंडईतून मेथीची जुडी आणायचो. वर्तमानपत्र पसरून ती निवडायचो, आईनं शिकवलेली तशी. पान न् पान खुडून, दांड्या बाजूला. मग धुवून, फडक्यावर कोरडी करून, त्याच्या थाळीत. मालिनी त्याच्यापुढं जुडी तशीच टाकायची. मी निवडून देत होतो. त्याला फरक कळेल असं मला वाटत होतं.

आणि काही दिवस कळलाही. तो थाळी चाटून पुसून ठेवायचा. एकदा माझ्या पावलावर हनुवटी घासून गेला. मी तसाच अर्धा तास बसून राहिलो, पाय हलवला नाही.

मालिनीचा फोन रात्री जेवणाआधी यायचा.

“कवड्या जेवला का?”

“जेवला. मेथी निवडून दिली.”

“निवडून?” ती हसली. “लाड चाललेत. आणि तुम्ही?”

मी तिच्या मनात दुसऱ्या नंबरावर होतो याची मला सवय होती. पण त्या दिवशी ती हसली होती, माझ्या बोलण्यावर.

दीड महिन्यानं त्याचं खाणं कमी झालं. आधी थाळीत चार पानं उरायला लागली, मग अर्धी थाळी. तो यायचा, थाळीजवळ तोंड न्यायचा, एखादं पान ओठांत धरायचा आणि सोडून द्यायचा. मग मान फिरवून माझ्याकडं बघायचा. मी आणखी कोवळी मेथी आणली. कोथिंबीर आणली. गाजर किसून दिलं. तो वास घ्यायचा आणि मान फिरवायचा.

मला वाटलं, हा रुसलाय. याला मालिनी हवी आहे. माझ्या हातचं नको आहे.

“काय नको तुला?” एकदा मी मोठ्यानं म्हणालो. “ती नाहीये. मीच आहे.”

एका मंगळवारी त्यानं दिवसभर काहीच खाल्लं नाही. बुधवारी सकाळी दिवाणाखाली पाठ फुगवून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. आदल्या दिवसापासून लेंड्याही नव्हत्या. मी कॅलेंडर उलटं करून नंबर बघितला आणि पुन्हा सरळ केलं. गल्लीच्या तोंडाशी सरकारी जनावरांचा दवाखाना होता, तिथं गेलो. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, “काका, आमच्याकडं म्हशी, शेळ्या. सशाचं मी खोटं सांगणार नाही, मला फारसं ठाऊक नाही. सांगलीला एक कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर आहेत. पण थांबू नका. ससा उपाशी फार टिकत नाही.”

तरी मी घरी येऊन थांबलो. दुपारपर्यंत थांबलो. चमच्यानं पाणी पाजायचा प्रयत्न केला, ते सगळं त्याच्या छातीवर सांडलं. मनात हिशोब चालला होता तो असा, की मगदूमला बोलावलं, आणि त्याच्या हातून यानं खाल्लं, तर मग मी काय?

चार वाजता फोन केला.

तो पंधरा मिनिटांत आला. त्यानं घंटी वाजवली. कवड्यानं कान हलवले, पण उठला नाही. ते बघून मगदूम पायताण न काढताच आत आला.

“कवापासनं?”

“काल... म्हणजे खाणं कमी आठवडाभर. अगदी बंद कालपासून.”

“आठवडा?” एवढंच म्हणाला. गुडघ्यावर बसून त्यानं कवड्याला ओढून मांडीवर घेतलं, बोटानं त्याची हनुवटी चाचपली. “ओलं हाय बगा. लाळ गळालीया.”

“मी पाणी पाजत होतो, त्याचं असेल.”

“पाणी असं चिकाट नसतंय सर.” त्यानं गालावरून बोट फिरवलं, तसा कवड्या अंग काढून घेऊ लागला. “दाढा. चला, सांगली गाठायची.”

स्वयंपाकघरातून पिशवी आणायला तो माझ्यामागं आला. ओट्याखाली बादली होती. सकाळी निवडलेल्या मेथीच्या दांड्या तिच्यात होत्या, आदल्या दिवशीच्याही. तो बादलीकडं क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, “पिशवी नको, पाटीच घेऊ. वारा लागंल त्याला.”

एस्टीत त्यानं कवड्याची पाटी मांडीवर घेतली आणि वर पंचा टाकला. कंडक्टर आला.

“काय हाय ओ त्यात? कोंबडी असंल तर लगेज पडंल.”

“ससा हाय. नव्वदीच्या पुढचा. ज्येष्ठ नागरिक, अर्धं तिकीट लावा.”

“ओळखपत्र दावा मग.”

“कान दावू का?”

पुढच्या दोन सीटवरची माणसं हसली. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. त्याला अशा वेळीही बोलता येत होतं, आणि मला वाटलं, मालिनी इथं असती तर तीही हसली असती.

सांगलीच्या डॉक्टरांनी कवड्याला टॉवेलात गुंडाळलं आणि तोंडात बारीक बॅटरी धरली. मला जवळ बोलावलं.

“हे बघा. दाढांना काटे आलेत. हा जिभेत रुतलाय, कापलंय बघा. त्याला भूक आहे, काका. खाता येत नाहीये.”

मला आत काही दिसलं नाही. डोळ्यांपुढं तो थाळीपाशी येऊन एक पान धरून सोडून देणारा ससा आला.

“काय घालता खायला?”

“मेथी,” मी म्हणालो. “कोवळी. निवडून.”

“आणि गवत?”

मगदूम मागं उभा होता. तो पुढं झाला.

“गवत माझ्याकडं होतं डॉक्टर. मी आणायचा दर रविवारी. ह्या टायमाला माझ्याकडनं हयगय झाली.”

“अहो, सशाच्या दाढा आयुष्यभर वाढतात. गवत, दांड्या असं चरबट चावलं तरच त्या झिजतात. नुसती मऊ पानं देऊन कसं चालेल?”

“चूक झाली,” मगदूम म्हणाला. “हितनं पुढं न्हाई होणार.”

डॉक्टरांनी कवड्याला झोपेचं इंजेक्शन दिलं, काटे घासले, हातात एक औषध दिलं आणि कालवलेलं खाणं पिचकारीनं भरवायला सांगितलं. परत येताना एस्टीत मी म्हणालो, “तुम्ही तसं म्हणायला नको होतं.”

“कसं?”

“हयगय वगैरे.”

“त्येला काय हुतंय,” तो म्हणाला आणि पंचाखाली हात घालून कवड्याचं अंग ऊबदार आहे का ते बघत राहिला.

त्यानं मला वाचवलं होतं. मला त्याचा मनापासून राग आला.

पुढं मालिनी परत येईपर्यंत तो रोज यायचा. सकाळी एक पेंढी, हरळी आणि बांधावरचं गवत, उसाच्या पात्यानं बांधलेली. पिचकारी भरवायला त्यानं मलाच शिकवलं. “तुमी धरा सर, मी न्हाई. तुमच्या घरातलं हाय ते.” सातव्या दिवशी कवड्यानं गवताची एक काडी तोंडात धरली आणि ती हळूहळू आत जाताना आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून बघत होतो. कुरकुर असा बारीक आवाज येत होता.

“चावतंय,” मगदूम कुजबुजला.

“चावतंय,” मीही म्हणालो. त्या क्षणी मला तो माणूस आवडला होता, हेही लिहून ठेवायला हवं.

मालिनीला फोनवर मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिकडं मेघनाला मुलगी झाली होती, रेवा. काळजी नको, असं मी स्वतःला सांगत होतो.

मालिनी आली तेव्हा कवड्या व्हरांड्यातच होता. बॅग खाली टाकून ती त्याच्यापाशी बसली. त्याचं तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं. शेजारी अर्धी संपलेली पेंढी होती.

“किती छान ठेवलाय हो याला,” ती म्हणाली. “गवतसुद्धा. तुम्ही आणता?”

मला ‘मगदूम आणतो’ म्हणायचं होतं. ते शब्द तयार होते.

“हो,” मी म्हणालो. “मध्ये दाढांचा त्रास झाला होता. सांगलीला नेऊन आणलं.”

“तुम्ही नेलंत? एकट्यानं? एस्टीनं?”

“हो.”

ती उठली आणि तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. नुसता ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं तसं कधी बघितलं असेल, तर माझ्या लक्षात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आडवी झाली होती. फाटकापाशी घंटी वाजली. मी धावत बाहेर गेलो आणि मागं दार ओढून घेतलं.

“बाई आल्या म्हणं,” मगदूमचं तोंड फुललं होतं. हातात पेंढी होती आणि काखेत पेढ्यांचा पुडा. “नातीचं पेढं मीच आणलं.”

“झोपल्या आहेत. प्रवासानं थकल्यात.”

“थांबतो की. घाई न्हाई.”

“नको.” मी फाटकाची कडी हातात धरून उभा होतो. “आणि मगदूम, आता रोज यायचं कारण नाही. आम्ही दोघं आहोत. बघू आम्ही.”

तो माझ्याकडं बघत होता. पहिल्यांदा बघितलं होतं तसंच. मग त्यानं पेंढी फाटकावरून माझ्या हातात दिली, पुडा तिच्यावर ठेवला.

“बरं सर,” म्हणाला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मालिनी तेव्हा विचारत होती, मामा का आले नाहीत. फोन लागत नव्हता. मग कुणाकडून तरी कळलं की ते गाव सोडून मुलीकडं गेले. “न भेटता?” ती म्हणाली. “बावीस वर्षं एकत्र काम केलं आणि न भेटता?” पुढं तिनं विषय काढला नाही. कवड्या आणखी आठ महिने जगला. तो गेला त्या दिवशीही ती एकदाच म्हणाली, “मामांना कळवायला पत्तासुद्धा नाही.” पत्ता माझ्या मागच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, शब्दकोशात होता.

गेल्या महिन्यात रेवा सुट्टीला आली होती. तिला ससा हवा होता.

“मगदूममामा असते तर आणून दिला असता,” मालिनी तिला म्हणाली. “पण माणसं विसरतात गं. कामापुरती असतात.”

मी पुस्तक वाचत होतो. उठलो, शब्दकोश काढला आणि पत्र तिच्यापुढं ठेवलं.

तिनं चष्मा लावला. मी तिथं उभा राहू की जाऊ हे न कळून उभा राहिलो. शेवटच्या तीन ओळी मला पाठ होत्या: ‘निघण्याआधी बाईंना भेटायला आलो होतो, तुम्ही म्हणाला झोपल्यात. त्यांना नमस्कार सांगा. माझं काही चुकलं असलं तर तेही कळवा, उत्तराची वाट बघतो.’

“गवत मामा आणत होते, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली.

“कसं?”

“उसाच्या पात्याची ती गाठ. बावीस वर्षं कात्रीनं कापत आले मी. तशी कोण बांधतं दुसरं?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतके ताठ उभे होतात हो. म्हटलं, राहू दे.” मग तिनं शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. “पण हे नव्हतं मला माहीत. नऊ वर्षं मी मनातल्या मनात त्या माणसाला नावं ठेवली.”

“मला वाटायचं, तुला माझ्यापेक्षा...”

“काय वाटायचं?”

मला ते वाक्य पूर्ण करता आलं नाही. तिनंही ते माझ्याकडून वदवून घेतलं नाही. रेवा दारात उभी होती, ती हळूच अंगणात निघून गेली.

“उत्तर लिहा,” मालिनी म्हणाली.

“असेल का तो? काय लिहू?”

“त्यांनी काय विचारलंय ते वाचा. त्याचं उत्तर द्या.”

चार दिवस लागले. पहिले दोन निळे कागद मी फाडले, त्यांत भाषा फार चांगली झाली होती. शेवटी लिहिलं ते असं:

‘बापूराव मगदूम यांस साष्टांग नमस्कार. कवड्या तुम्ही गेल्यावर आठ महिने जगला. दाढा शेवटपर्यंत चांगल्या राहिल्या, हनुवटी पुन्हा ओली झाली नाही. गवत खायचा. तुमचं काही चुकलं नव्हतं. मेथीच्या दांड्या मी टाकून देत होतो आणि गवत आणू नका असंही मीच तुम्हाला म्हणालो होतो. त्या दुपारी बाई झोपल्या होत्या हे खरं, पण मी त्यांना उठवायला हवं होतं. पेढे मी दुकानातून आणले म्हणून सांगितले. तुमचा नमस्कार चार दिवसांपूर्वी पोचवला.’

खाली सही केली आणि मालिनीला वाचायला दिलं. तिनं वाचलं. कागद घेऊन व्हरांड्यात गेली आणि उरलेल्या जागेत लिहीत बसली. लिहिताना मध्येच एकदा हसली, मोठ्यानं, नऊ वर्षांपूर्वीसारखी. मग स्वतःच घड्या घातल्या, डिंक लावला, नखानं कडा दाबल्या आणि बंद पत्र माझ्या हातात दिलं.

“तुम्हीच टाका.”

पोस्टापर्यंत दहा मिनिटांची वाट आहे, मला वीस लागली. रसवंतीच्या पुढं ऊन चांगलं पडलं होतं. तिथं थांबून मी पत्र उन्हासमोर धरलं. माझ्या ओळी आणि तिच्या ओळी एकमेकांवर पडल्या होत्या, काही लागत नव्हतं. कडेला डिंक अजून ओलसर असावा. अंगठा लावून बघितलं. होता.

मी अंगठा धोतराला पुसला आणि चालू लागलो. पेटीपाशी एक बाई फुलं विकत बसली होती.

“निघतात का हो या पेटीतली पत्रं अजून?”

“निघत्यात की आजोबा. साडेतीनला येतोय पोस्टमन.”

मी हात मनगटापर्यंत आत घातला आणि पत्र सोडलं.